कॅथरिन बूथ : उपदेशाचा हक्क मिळविणारी स्त्री

धर्मग्रंथ कोणी वाचावा, त्याचा अर्थ कोणी सांगावा आणि मुकाट्याने ऐकत कोणी बसावे, हा प्रश्न आपल्या वाचकांना नवा नाही. परंतु तो एकाच देशात किंवा एकाच धर्मात उभा राहिला असेही नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या गादीवर व्हिक्टोरिया राणी बसलेली होती. तिच्या नावाने जगाच्या फार मोठ्या भागाचा कारभार चालत असे. पण त्याच इंग्लंडात, बहुतेक चर्चमध्ये, एखाद्या बाईने व्यासपीठावर उभे राहून बायबलवर चार शब्द बोलणे हा अधर्म मानला जात होता. याला आधार कशाचा, तर खुद्द बायबलचा.

ज्या ग्रंथाच्या आधाराने स्त्रीचे तोंड बंद केले गेले, तोच ग्रंथ हाती घेऊन एका घरगुती स्त्रीने या बंदीला उत्तर दिले. तिच्यापाशी विद्यापीठाची पदवी नव्हती. धर्मशिक्षणाच्या कोणत्याही विद्यालयाचा उंबरठा तिने ओलांडला नव्हता. तिचे नाव कॅथरिन बूथ. आपल्याकडे मुक्तिफौज या नावाने ओळखली जाणारी संघटना तिने आणि तिच्या पतीने मिळून उभी केली. तिचे चरित्र समजून घेण्यासारखे आहे.

बालपण

कॅथरिनचा जन्म १७ जानेवारी १८२९ रोजी इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यातील ॲशबोर्न या गावी झाला. तिचे वडील जॉन ममफर्ड घोडागाड्या बांधण्याचा धंदा करीत. ते मेथॉडिस्ट पंथाचे होते आणि काही काळ स्वतःही उपदेश करीत असत. आई सारा अतिशय कडक शिस्तीची व धार्मिक वृत्तीची होती. मुलीला वाईट वळण लागेल या भीतीने आईने तिला बराच काळ घरीच शिकविले. शाळेचे शिक्षण तिला जेमतेम दोन वर्षे मिळाले. पुढे मणक्याच्या विकाराने तिला कित्येक महिने अंथरुणाला खिळून राहावे लागले.

पण त्याआधी, घरच्या एकांतातच, एक गोष्ट घडली. ती वाचू लागली. वयाची बारा वर्षे पूर्ण होण्याआधी तिने संपूर्ण बायबल आठ वेळा वाचून काढले होते असे तिचे चरित्रकार सांगतात. रविवारी चर्चमध्ये जाऊन पाद्रीसाहेब सांगतील तेवढेच ऐकायचे, ही सर्वसामान्यांची रीत होती. या मुलीने मात्र ग्रंथ आरंभापासून शेवटपर्यंत स्वतःच्या डोळ्यांनी वाचला. पुढील आयुष्यात तिने जे केले, त्याचे मूळ या वाचनात आहे.

दीनदुबळ्यांचा कळवळा तिला लहानपणापासूनच होता. एकदा रस्त्याने एका दारुड्याला पोलीस ओढून नेत होता आणि मागून लोकांचा घोळका त्याची टिंगल करीत चालला होता. लहानगी कॅथरिन धावत गेली आणि त्याच्या बाजूने चौकीपर्यंत चालत राहिली. या जगात आपल्या बाजूचे कोणीतरी एक आहे, एवढे त्याला कळावे असे तिला वाटले. ऊस पिकविणाऱ्या निग्रो गुलामांचे हाल ऐकून तिने साखर खाणे सोडले होते असेही तिच्या चरित्रात नमूद आहे. वयाच्या बाराव्या वर्षी ती मुलांच्या दारूबंदी मंडळाची चिटणीस होती. दैव असे की, दारूविरुद्ध बोलणारे तिचे वडीलच पुढे दारूच्या आहारी गेले.

विवाह आणि एक मतभेद

पुढे हे कुटुंब लंडनला राहावयास आले. तेथे १८५२ साली कॅथरिनची विल्यम बूथ या तरुण उपदेशकाशी ओळख झाली. विल्यम नॉटिंगहॅमचा. गरिबीमुळे लहान वयातच तो सावकाराच्या गहाणवटीच्या दुकानात उमेदवारीला लागला होता. दोघांची मने जुळली. पण एका प्रश्नावर त्यांचे पटत नव्हते. तो प्रश्न स्त्रीच्या योग्यतेचा होता.

स्त्री ही बुद्धीने आणि नीतीने पुरुषापेक्षा कमी आहे, अशा अर्थाचे प्रवचन एका पाद्र्याने केले, तेव्हा कॅथरिनने त्याला सविस्तर पत्र लिहून आपला निषेध कळविला होता. स्त्री कमी दिसते ती निसर्गाने नव्हे, तर तिला शिक्षण नाकारल्यामुळे, असे तिचे म्हणणे होते. लग्नाआधी तिने विल्यमलाही याच विषयावर दीर्घ पत्र पाठविले. विल्यमची भूमिका त्या काळच्या भल्या माणसाची होती. कोणी स्त्री उपदेश करीत असेल तर तो तिला अडविणार नव्हता. पण तिला उत्तेजनही देणार नव्हता. कॅथरिनला एवढे पुरेसे वाटले नाही. भल्या माणसाच्या मौनानेसुद्धा अन्याय टिकून राहतो हे तिने ओळखले होते. तिने आपला आग्रह सोडला नाही. १६ जून १८५५ रोजी त्यांचा विवाह झाला आणि पुढील काही वर्षांत विल्यमचे मत बदलले.

पौलाची पत्रे आणि स्त्रियांचे मौन

आता बायबलमध्ये नेमके काय आहे ते पाहू. येशूच्या मृत्यूनंतर त्याच्या अनुयायांच्या लहान लहान मंडळ्या गावोगाव तयार झाल्या. पौल नावाच्या प्रेषिताने या मंडळ्यांना पत्रे लिहिली. ही पत्रे बायबलच्या नव्या करारात आहेत. करिंथ शहरातील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात असे सांगितले आहे की, स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे आणि काही विचारावयाचे असल्यास घरी नवऱ्याला विचारावे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात स्त्रीला शिकविण्याची व पुरुषावर अधिकार गाजविण्याची मनाई केली आहे आणि त्यासाठी आदाम व हव्वेची कथा पुढे केली आहे.

या दोन उताऱ्यांच्या बळावर शतकानुशतके चर्चचे दरवाजे स्त्रियांना बंद राहिले. अधूनमधून प्रतिकारही झाला. क्वेकर पंथातील मार्गारेट फेल यांनी स्त्रियांच्या बोलण्याच्या हक्काचे समर्थन करणारी पुस्तिका १६६६ सालीच लिहिली होती. मेथॉडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी काही स्त्रियांना उपदेश करू दिला होता. पण त्यांच्या मृत्यूनंतर, १८०३ साली, त्या पंथाच्या परिषदेने स्त्रियांच्या उपदेशावर जवळजवळ बंदीच घातली. एखादीला बोलायचेच असेल तर तिने फक्त स्त्रियांपुढे आणि तेही परवानगी घेऊन बोलावे, असे ठरले.

१८५९ साली फीबी पामर या अमेरिकन विदुषी इंग्लंडच्या उत्तर भागात धर्मसभा घेत होत्या. सभांना मोठी गर्दी लोटत होती. हे सहन न होऊन संडरलंडचे एक पाद्री आर्थर रीस यांनी, पौलाच्या त्याच वचनांचा आधार घेऊन, स्त्रियांच्या उपदेशाविरुद्ध एक पत्रक छापले. बूथ पतिपत्नी त्या वेळी जवळच्याच गेट्सहेड गावी राहत होती. कॅथरिनबाईंना तीन लहान मुले होती आणि चौथ्या वेळी दिवस गेले होते. प्रकृती नाजूक होती. तरीही त्यांनी लेखणी उचलली आणि सुमारे बत्तीस पानांची पुस्तिका लिहून उत्तर दिले.

ग्रंथाला ग्रंथानेच उत्तर

या पुस्तिकेची मांडणी एखाद्या कुशल वकिलासारखी आहे. स्त्रीने सभेत बोलणे हे स्त्रीस्वभावाविरुद्ध आहे, हा पहिला आक्षेप. त्यावर त्यांचे उत्तर असे की, लोक रूढीलाच निसर्ग समजून बसले आहेत. जे आजवर करू दिले नाही, ते करता येत नाही असे म्हणणे हा न्याय नव्हे.

दुसरा आक्षेप पौलाच्या वचनाचा. येथे त्यांनी एक साधी गोष्ट दाखवून दिली. करिंथकरांच्या ज्या पत्रात चौदाव्या अध्यायात मौनाची आज्ञा आहे, त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात, स्त्रीने प्रार्थना करताना किंवा संदेश देताना मस्तक झाकून घ्यावे, असा नियम सांगितला आहे. आणि संदेश देणे म्हणजे काय, तर लोकांची उन्नती, बोध व सांत्वन करणारे बोलणे, असा खुलासा त्याच पत्रात आहे. स्त्रियांनी बोलायचेच नव्हते, तर बोलताना डोके झाकण्याचा नियम कशाला? म्हणजे त्या मंडळीत स्त्रिया बोलत होत्या आणि पौलाला ते ठाऊक होते. मग मौनाची आज्ञा कोणाला? सभेत मध्येच प्रश्न विचारून गोंधळ करणाऱ्या बायकांना, असा अर्थ त्यांनी लावला. शिवाय घरी नवऱ्याला विचारा ही आज्ञा विधवेला आणि अविवाहितेला कशी लागू पडणार, हाही त्यांचा बिनतोड प्रश्न होता.

तीमथ्याच्या पत्रातील वचनाबद्दल त्यांचे म्हणणे असे की, तेथे पुरुषावर दांडगाईने सत्ता गाजविण्याची मनाई आहे, उपदेशाची नव्हे.

मग त्यांनी बायबलमधीलच स्त्रिया एकामागून एक साक्षीला उभ्या केल्या. जुन्या करारातील दबोरा इस्राएल लोकांचा न्यायनिवाडा करीत होती. हुल्दा या संदेष्ट्रीकडे राजाने आपली माणसे पाठवून सल्ला घेतला. येशूच्या पुनरुत्थानाची वार्ता पुरुष शिष्यांना प्रथम सांगितली ती मग्दालीया मरीयेने. पेन्टेकॉस्टच्या दिवशी पेत्राने योएल संदेष्ट्याच्या ज्या वचनाचा आधार घेतला, त्यात पुत्रांबरोबर कन्याही संदेश देतील असे स्पष्ट म्हटले आहे. फिलिप्पाच्या चारही मुली संदेश देत असत. प्रिस्किल्ला व तिचा पती यांनी अपुल्लोस या विद्वान पुरुषाला धर्माचा मार्ग समजावून दिला. आणि गलतीकरांस लिहिताना पौलानेच दास व स्वतंत्र, पुरुष व स्त्री हा भेद ख्रिस्तात उरत नाही असे सांगितले.

सर्वात मार्मिक मुद्दा भाषांतराचा होता. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने फीबी नावाच्या स्त्रीचा गौरव केला आहे. तिच्यासाठी मूळ ग्रीकमध्ये दियाकोनॉस हा शब्द आहे. हाच शब्द पुरुषाला लावला की इंग्रजी भाषांतरकारांनी धर्मसेवेचा अधिकारी असा भारदस्त अर्थ दिला. आणि फीबीला लावला तेव्हा नुसती सेविका केली. शब्द एकच, पण पुरुषाला पद आणि स्त्रीला चाकरी! ग्रंथ कोण वाचतो आणि त्याचे भाषांतर कोण करतो, यावर माणसाचा दर्जा कसा ठरतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

त्यांचा प्रत्येक मुद्दा आज टिकतो असे मात्र नाही. चौदाव्या अध्यायातील बोलणे या ग्रीक शब्दाचा अर्थ बडबड करणे असा त्यांनी घेतला. वस्तुतः तो साध्या बोलण्याचा सामान्य शब्द आहे. नंतरच्या संशोधनाने वेगळ्याच वाटा दाखविल्या. तीमथ्याला लिहिलेले पत्र पौलाचे स्वतःचे नसून पुढील पिढीतील कोणाचे असावे, असे आज पुष्कळ अभ्यासक मानतात. करिंथकरांच्या पत्रातील मौनाच्या ओळी मागाहून घुसडल्या गेल्या असाव्यात, असेही काहींचे मत आहे. उलट बाजूचे पंडितही आपले म्हणणे सोडण्यास तयार नाहीत. परंतु पदवी नसलेल्या एका स्त्रीने १८५९ साली पंडितांना त्यांच्याच ग्रंथात गाठले, हे नाकारता येत नाही.

कागदावरून व्यासपीठावर

येथे एक गंमत आहे. स्त्रियांच्या उपदेशाचा हक्क सिद्ध करणाऱ्या कॅथरिनबाईंनी तोवर स्वतः चर्चमध्ये उपदेश केला नव्हता! त्या स्वभावाने अतिशय लाजाळू होत्या. गरीब वस्त्यांत घरोघर जाऊन दारुड्यांना व त्यांच्या बायकांना त्या भेटत. पण भरसभेत उभे राहण्याचे धाडस होत नव्हते. हक्क कागदावर मिळविणे वेगळे आणि पायांनी चालत जाऊन तो घेणे वेगळे.

२७ मे १८६० हा पेन्टेकॉस्टचा रविवार होता. गेट्सहेडच्या बेथेस्डा चॅपलमध्ये हजाराच्या वर लोक जमले होते. विल्यमचे प्रवचन संपत आले तेव्हा कॅथरिनबाई आपल्या जागेवरून उठल्या आणि व्यासपीठाकडे चालू लागल्या. पत्नीला बरे वाटत नाही की काय असे वाटून विल्यम खाली आले. आपल्याला बोलायचे आहे, एवढेच त्यांनी सांगितले. पती बाजूला झाला. त्या बोलल्या. आजवर भीतीपोटी आपण आपले कर्तव्य टाळले, अशी कबुली त्यांनी सर्वांसमोर दिली. पुष्कळांचे डोळे पाणावले. त्याच दिवशी संध्याकाळचे प्रवचन त्याच करतील, असे विल्यमने तेथेच जाहीर करून टाकले. त्याच वर्षी विल्यम आजारी पडले, तेव्हा त्यांच्या वाट्याची सारी प्रवचने कित्येक आठवडे कॅथरिनबाईंनी केली.

मुक्तिफौज

१८६१ साली बूथ दांपत्याने आपल्या पंथाची नोकरी सोडली. ठरावीक पगार गेला. लहान मुले घेऊन ती दोघे गावोगाव फिरली. १८६५ साली लंडनमध्ये सभा घेण्याचे निमंत्रण आले ते कॅथरिनबाईंना, त्यांच्या पतीला नव्हे. त्यांच्यामुळेच कुटुंब लंडनला आले आणि विल्यमने लंडनच्या पूर्व भागातील दरिद्री वस्तीत काम सुरू केले. तो झोपडपट्टीत बोले आणि त्या श्रीमंतांच्या भागात बोलत. त्यांच्या सभांतून मिळालेल्या पैशावर घर आणि काम दोन्ही चालत. आठ मुले झाली, तरी उपदेश थांबला नाही.

या कामाला १८७८ साली मुक्तिफौज हे नाव मिळाले. फौजेच्या नियमात स्त्रीला पुरुषाइतकाच अधिकार ठेवला गेला. कोणतेही पद, कोणत्याही केंद्राचे नेतृत्व आणि व्यासपीठ तिला खुले होते. गिरणीत राबणाऱ्या आणि घरकाम करणाऱ्या मुली गणवेश घालून चौकात उभ्या राहू लागल्या. लोकांनी चिखल फेकला, दगड मारले. तरी त्या बोलल्या. कॅथरिनबाईंची थोरली मुलगी केट वयाच्या तेविसाव्या वर्षाच्या आत फ्रान्समध्ये काम सुरू करण्यास गेली आणि पुढे स्वित्झर्लंडमध्ये तिने तुरुंगवासही भोगला.

हे वारे आपल्याकडेही आले. १९ सप्टेंबर १८८२ रोजी मुक्तिफौजेची पहिली तुकडी मुंबई बंदरात उतरली. तिच्यात चारच माणसे होती आणि त्यांपैकी एक स्त्री होती. रस्त्यावर मिरवणुका काढल्याबद्दल सरकारने या मंडळींना पकडले व शिक्षा केल्या. अहिल्यानगरचे बूथ हॉस्पिटल पुष्कळांना ठाऊक असेल. ते कॅथरिनबाईंची मुलगी इव्हान्जेलिन हिच्या नावाचे आहे. खुद्द कॅथरिनबाईंच्या नावाचे रुग्णालय तमिळनाडूत नागरकोइल येथे आहे.

१८८५ साली इंग्लंडात अल्पवयीन मुलींच्या विक्रयाविरुद्ध मोठे आंदोलन झाले. त्यात कॅथरिनबाई आघाडीवर होत्या. त्यांनी राणीलाही पत्रे लिहिली. तीन लाखांहून अधिक सह्यांचा अर्ज पार्लमेंटला गेला आणि मुलींचे संमतिवय कायद्याने तेरावरून सोळा करण्यात आले. आगपेटीच्या कारखान्यात विषारी फॉस्फरसमुळे कामगार स्त्रियांचे जबडे सडत. त्यांची दुःखे त्यांनी लोकांपुढे मांडली. त्यांच्या मृत्यूनंतर, १८९१ साली, मुक्तिफौजेने विषारी फॉस्फरस न वापरणारा कारखाना काढून दाखविला.

१८८८ साली त्यांना कर्करोग झाल्याचे निदान झाले. त्याच वर्षी जूनमध्ये लंडनच्या सिटी टेंपल या चर्चमध्ये त्यांनी शेवटचे मोठे प्रवचन केले. ४ ऑक्टोबर १८९० रोजी क्लॅक्टन या समुद्रकाठच्या गावी त्यांचे निधन झाले. अंत्यदर्शनाला लंडनमध्ये हजारो लोक आले. त्यांत श्रीमंतांपेक्षा मोलमजुरी करणारेच अधिक होते.

उरलेला हिशेब

चरित्र सांगताना केवळ आरती ओवाळणे बरे नव्हे. मुक्तिफौजेच्या नियमात समता होती. पण पगाराच्या वहीत नव्हती. एकट्या स्त्री अधिकाऱ्याला एकट्या पुरुषापेक्षा कमी पगार मिळे आणि विवाहित स्त्रीचा मोबदला पतीच्या हाती जाई. वरच्या जागांवर बहुतेक पुरुषच राहिले. फौजेच्या सर्वोच्च पदावर स्त्री निवडून येण्यास १९३४ साल उजाडले. ती स्त्री म्हणजे इव्हान्जेलिन बूथ. तोवर आईला जाऊन ४४ वर्षे झाली होती.

इतर चर्चमध्ये तर याहून उशीर लागला. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये स्त्रियांना पुरोहितपद मिळाले ते १९९४ साली आणि बिशपपद २०१५ साली. त्याआधी, २०१३ साली, चर्च ऑफ साउथ इंडियात एक स्त्री बिशप झाली. रोमन कॅथलिक चर्चमध्ये पुरोहितपद आजही स्त्रीला मिळत नाही. पौलाच्या त्याच ओळींवर वाद अजून चालूच आहे.

वाचक बंधुभगिनींनो, या चरित्रातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. कॅथरिनबाईंनी कोणाकडे दयेची याचना केली नाही. ग्रंथात असे लिहिले आहे, असे कोणी सांगितले, तेव्हा कुठे लिहिले आहे, त्याच्या आधी काय आहे, नंतर काय आहे आणि मूळ शब्द कोणता आहे, हे त्यांनी स्वतः पाहिले. हे त्यांना शक्य झाले ते बालपणीच हाती पुस्तक आले म्हणून. आपल्या घरी सभा भरते तेव्हा मुली सतरंज्या अंथरतात, चहा करतात आणि मागे उभ्या राहून ऐकतात. पुढच्या सभेत चहा मुलांनी करावा आणि वाचून दाखविण्यास एखाद्या मुलीला उभे करावे. पहिल्यांदा ती अडखळेल. कॅथरिनबाईही एकतिसाव्या वर्षापर्यंत अडखळतच होत्या.